नवव्या धोंड्यावरचा मासा

ज्या वर्षी वुरादच्या मुलीला, सेनाराला, जुळं झालं आणि त्यातलं एकच जगलं, त्याच वर्षी पेरण्या आटोपल्यावर राजाचं बोलावणं आलं आणि सेनाराचा धाकटा भाऊ कानौल भाला घेऊन दक्षिणेला गेला. आमच्या खोऱ्यातून सात जण गेले होते. जव कापायच्या सुमाराला सहा परत आले. सातव्याचं काय झालं ते त्या सहांना सांगता येईना. नदी ओलांडताना मार बसला, सगळे पांगले, आणि लांब गेल्यावर एकमेकांना मोजलं तेव्हा कानौल नव्हता, एवढंच.

वुराद पाथरवट होता. त्याचा बाप पाथरवट, आजाही पाथरवट. वस्तीच्या वर टेकडीवर नऊ धोंडे गोल उभे आहेत, त्यांच्यावर खुणा कोरायचं काम या घराकडे. धोंडे कोणी उभे केले ते कोणालाच ठाऊक नाही. ते आपल्या आधीचे, आणि आपल्या आधी जे होते त्यांच्याही आधीचे. त्यांच्यावर कोरायला सुरुवात झाली ती वुरादच्या पणजोबाच्या वेळी. एका धोंड्यावर एकच माणूस आणि त्याच्या दोन खुणा, वरची आईच्या घराची आणि खालची त्याची स्वतःची; बाई असली तर शेजारी आरसाही. खुणा कोरल्या की माणसाचं नाव धोंड्यात जातं आणि तिथेच राहतं. मग घरच्यांनी वर्षभर रोज धोंड्याच्या पायाशी दूध-भाकरी ठेवायची. ज्याला धोंडा मिळत नाही त्याला नुसतंच पुरतात, आणि त्याला वाढायचं कुठे हे घरच्यांना कळत नाही.

नवांपैकी आठ धोंडे भरले होते. नववा कोरा होता आणि तो तालोर्कच्या आईचा, असं सगळी वस्ती धरून चालली होती. तालोर्ककडे खोऱ्यातली सगळ्यात जास्त गुरं, आणि त्याची आई खोऱ्यातली सगळ्यात म्हातारी बाई. ती उन्हाळ्यापासून अंथरुणाला खिळली होती.

जव खळ्यावर आले तेव्हा मीठवाला विपोग नदीच्या मुखाकडून होडी घेऊन वर आला. दरवर्षी यायचा. मिठाच्या गोण्या उतरवायच्या आधी तो वुरादच्या दाराशी आला.

"बस जरा, वुराद."

"उभ्यानेच सांग."

"दक्षिणेला मीठ घेऊन गेलो होतो, तिथल्या नदीत तुझ्या पोराला पडताना बघितलं मी." विपोगने स्वतःच्या बरगडीखाली बोट टेकवलं. "इथे भाला होता."

"वर आला का?"

"ते बघायला थांबलो नाही. माझ्या होडीवर दगड यायला लागले होते."

"आणखी कोणी बघितलं?"

"बाकी सगळ्यांच्या पाठीच दिसत होत्या. मी एकटाच होतो त्या बाजूला."

आमच्याकडे रीत अशी की माणूस परमुलखात मेला आणि त्याचं प्रेत आलं नाही, तर त्याच्या मरणाची बातमी दोघांनी सांगावी लागते. दोघं एकमेकांना न भेटलेले हवेत, आणि एकाने दुसऱ्याकडून ऐकलेलं चालत नाही. दोघांनी सांगेपर्यंत माणूस जिवंत धरायचा, मग दहा वर्षं जावोत. दोघांनी सांगितलं की तो मेला धरायचा, आणि ज्याचं प्रेत नाही त्याचा धोंड्यावर सगळ्यांच्या आधी हक्क.

विपोग हे एक तोंड झालं. दुसरं आलंच नाही.

वुरादची बायको देरिला हिने त्या दिवसापासून घरात जेवण नीट केलं नाही. चुलीवर भांडं चढवायची आणि मधेच उतरवून ठेवायची. म्हणायची, "त्याला कोण वाढतंय आता?" सेनारा तान्हं पोर कडेवर घेऊन यायची, आईच्या तोंडात घास घालायची. तो घास देरिलाच्या गालात तसाच राहायचा.

अशात एकदा गुरांच्या गोठ्याशी तालोर्क भेटला. माणूस वाईट नव्हता, पण जिभेला हाड नव्हतं.

"आईचं आता चार-सहा दिवसांचं काम दिसतंय," तो म्हणाला. "टाकीला धार लावून ठेव, वुराद. आणि तिचा आरसा नीट गोल काढ बरं का. माझ्या मावशीचा तुझ्या बापाने काढलाय तो आरसा कसला, भाकरी वाटते."

"काढीन," वुराद म्हणाला.

तिथून तो घरी गेला नाही. सरळ द्रुस्तिक आजीच्या झोपडीकडे गेला. धोंड्यांची राखण या म्हातारीकडे. तिच्या परवानगीशिवाय धोंड्याला लोखंड लावता येत नाही. ती उन्हात बसून लोकर पिंजत होती.

"आजी, कानौलची दुसरी बातमी आली."

तिने लोकर बाजूला ठेवली. "कोणाकडून?"

"लोखंड विकणारा एक होता. खिंडीत भेटला. पश्चिमेकडे निघाला होता."

"नाव काय त्याचं?"

"विचारलं नाही. त्याला माझ्या पोराचं नाव ठाऊक होतं, तेवढं पुरे झालं मला."

म्हातारी त्याच्याकडे बघत राहिली. मग काठी घेऊन उठली. दोघं टेकडी चढून वर गेले. तिने त्याला नवव्या धोंड्यावर उजवा तळवा ठेवायला लावलं.

"दोघांच्या तोंडून ऐकलंस?"

"दोघांच्या."

धोंडा गार होता. उन्हातही तो गारच असायचा. आणखी काही झालं नाही. आजवर कोणत्याही पाथरवटाने धोंड्यावर हात ठेवून खोटं सांगितलं नव्हतं, म्हणून पुढे काय होतं ते बघायचं कोणाच्या मनातही आलं नाही.

तेव्हा वुरादला आपण काही मोठं पाप केलं असं वाटलं नाही. पोरगा मेला हे तर खरंच होतं. भाला बरगडीखाली गेल्यावर, वर नदीचं पाणी, कोण वाचतो? दुसरं तोंड आज ना उद्या आलंच असतं. तोवर नववा धोंडा गेला असता एवढंच.

कोरायला त्याला नऊ दिवस लागले. कोळशाने आधी खुणा काढून घेतल्या. वर देरिलाच्या घराची चंद्रकोर आणि तिच्यावर मोडका बाण, खाली कानौलचा मासा. मग टाकीचे बारीक घाव घालत ठिपके पाडायचे, ठिपक्याला ठिपका जोडून रेघ करायची, आणि ओली वाळू टाकून गोट्याने घासायची. दगड असा कडक की दिवसातून तीनदा टाकी शेकून परजावी लागे. बापाने त्याला शिकवलं होतं की रेघ नखाएवढी खोल पुरे. वुराद थांबला नाही. नखावरून पेराकडे गेला. माशाच्या पाठीवरची रेघ त्याने अर्ध्या पेराएवढी खोल नेली, पाऊस-दहिवराने शंभर पिढ्या पुसली जाऊ नये म्हणून. असा मासा त्या घरात कोणी कोरला नव्हता. प्रवाहाविरुद्ध चढताना मासा अंग जसं वळवतो ते वळण त्यात आलं होतं.

चौथ्या दिवशी तालोर्कची आई गेली. सातव्या दिवशी तालोर्क वर आला आणि वुरादच्या मागे बराच वेळ उभा राहिला.

"छान झालाय," तो म्हणाला. "माझ्या आईला नदीकाठी पुरलं. ओलं आहे तिथे."

वुरादने हातोडा थांबवला नाही.

काम पुरं झालं त्या संध्याकाळी देरिलाने धोंड्यापाशी दूध आणि भाकरी ठेवली, घरी आली आणि स्वतः जेवली. पोटभर जेवली. वुराद तिच्याकडे बघत बसला.

पहिला बर्फ पडला त्या सकाळी कुत्री भुंकत नदीकडे धावली आणि भुंकायची थांबली. सेनारा पाणी आणायला गेली होती. बर्फातून एक माणूस काठी टेकत येत होता, एका बाजूला वाकलेला, दाढी वाढलेली. कुत्री त्याच्या अंगावर उड्या मारत होती.

"ताई," तो म्हणाला. "एवढं काय बघतेस? बाळ कुठंय? दोन होणार होती ना?"

सेनाराच्या हातून भांडं पडलं. ती पळत वस्तीत आली. लोक बाहेर आले. त्यांनी कानौलला बघितलं, आणि मग एकेकाने त्याच्याकडे पाठ केली, नाव धोंड्यात गेलेल्याकडे बघायचं नसतं म्हणून.

त्याला आधी ती थट्टा वाटली. "काय रे, इतका वास मारतोय का मी? त्यांच्याकडे बांधून ठेवलेला माणूस धुवायची पद्धत नाही, काय करू!" कोणी हसलं नाही. तो एकेका पाठीला नावाने हाक मारत पुढे येत गेला, आणि शेवटी आपल्या दाराशी आला. वुराद उंबऱ्यावर उभा होता. दोघांची नजरानजर झाली. कानौलच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं, पण डोळे तेच.

वुरादने पाठ केली.

आत देरिला होती. तिला आधीच सेनाराने आणि दोन बायांनी धरून ठेवलं होतं. ती ओरडत होती.

द्रुस्तिक म्हातारी आली. कानौलशी ती बोलली नाही, तो ऐकेल अशा बेताने वस्तीशी बोलली. "दोघांनी सांगितलं, खुणा कोरल्या, नाव धोंड्यात गेलं. दोघंही चुकले असतील. तरी गेलेलं नाव माघारी येत नाही. हे जे आलंय त्याला नाव नाही. त्याला चुलीशी घ्यायचं नाही, त्याच्याशी बोलायचं नाही, हातात हात द्यायचा नाही, हातातून काही द्यायचं नाही. जो देईल त्याचं घर धोंडे ओढतील." थोडं थांबून ती म्हणाली, "डोंगरावरची उन्हाळी झोपडी रिकामी आहे. तिथे कोणी राहिलं तर वस्तीला दिसत नाही."

मग तिचा आवाज खाली आला. "धोंड्याला वाढायचं असतं, ते वर्षभर आहेच."

ते शेवटचं देरिलाने नीट ऐकलं.

दुसऱ्या दिवसापासून ती रोज सकाळी टेकडीवर जायला लागली. पूर्वी अर्धी भाकरी नेत असे, आता तीन न्यायची. मेंढीचं चीज, उकडलेलं मांस, एकदा तर घोंगडं. धोंड्याला घोंगडं द्यायला मनाई आहे असं कोणी कधी सांगितलेलं नव्हतं. ती धोंड्याकडे तोंड करून उभी राहायची, आणि कानौल खाली उतरून तिच्या पाठीमागे चार पावलांवर थांबायचा. धोंड्याशी बोलायला बंदी नव्हती.

वुराद एकदाच तिच्याबरोबर गेला.

"खोकला कसा आहे रे?" देरिलाने माशाला विचारलं.

"तसाच," कानौल मागून म्हणाला. "आई, मेल्यावर भूक फार लागते. चीज जरा जाड कापत जा."

"जखम बघितलीस का?"

"कडेने लाल आहे. वास येतो थोडा. शिळ्या मेलेल्याला वास यायचाच."

देरिला हसली. हसता हसता तिने कपाळ दगडावर टेकलं.

"मासा सुंदर आहे," कानौल म्हणाला. "रोज बघतो. दुसरं काही नाहीच बघायला." मग त्याचा आवाज बदलला. "बाबा, दुसरं तोंड कोणाचं होतं?"

वुराद धोंड्याकडे बघत राहिला.

"मी पडलो तिथे एका बाजूला खडक होता. मला कोणी बघितलं असेल तर त्या मीठवाल्याने. त्याची होडी मला दिसली. दुसरं माणूस तिथे नव्हतं, बाबा. मी बराच वेळ बघत होतो, कोणी येतंय का."

त्या पोराशी बोलायला बंदी होती. वुरादला त्या दिवशी ती बंदी घोंगड्यासारखी वाटली, तो तिच्या आत शिरला. टेकडी उतरून आला.

त्याला काय करायला हवं होतं ते पुरतं ठाऊक होतं. दुसरं तोंड नव्हतंच असं त्याने धोंड्यासमोर कबूल केलं, तर नाव धोंड्यात गेलंच नव्हतं असं ठरणार होतं. कानौल तसाच खाली येऊन चुलीशी बसला असता. पण खोटं कोरणाऱ्या पाथरवटाला काय शिक्षा तेही बापाने त्याला लहानपणीच सांगून ठेवलं होतं. ज्या हाताने कोरलं त्याचं मनगट त्याच्याच हातोड्याने मोडायचं, टाक्या नदीत टाकायच्या, आणि ज्याचा धोंडा लुबाडला त्याच्या घरच्याने घाव घालायचा. म्हणजे तालोर्कने. मनगट गेलं की वुराद कोण? मेंढ्या राखणारा म्हातारा. आणि वस्तीत मान वर करून फिरायचं कसं? तो स्वतःला सांगत राहिला की पोरगा जेवतोय, अंगावर पांघरूण आहे, वर्ष सरेल, मग काहीतरी मार्ग निघेल.

देरिलाने विचारलं ते घरी आल्यावर.

"दुसरा कोण होता, वुराद?"

"सांगितलं ना. लोखंड विकणारा."

"दिसायला कसा होता?"

"उंच."

"घोडा होता त्याच्याकडे?"

"होता."

"या बर्फात लोखंड लादलेला घोडा खिंडीतून गेला."

"तेव्हा कुठे बर्फ होता? सुगी होती."

"हो," ती म्हणाली. "सुगी होती." ती चुलीकडे वळली, आणि त्या हिवाळ्यात तिने पुन्हा विचारलं नाही. तिला विचारायला लागलं नाही हेच त्याला जास्त लागलं.

सेनारा मात्र बोलून दाखवायची. "बाबा, तुम्ही हल्ली टाकीला फार जपताय," ती एकदा म्हणाली. वुराद चुलीशी बसून टाकीच्या टोकाला चरबी चोळत होता. "कोणासाठी? दहावा धोंडा उगवणार आहे का?"

पहिली मेंढी व्याली त्या दिवशी देरिला टेकडीवरून परत आली तेव्हा तिच्या टोपलीत कालची भाकरी होती. दुसऱ्या दिवशी परत आली तेव्हा दोन दिवसांची होती. कोणी हात लावला नव्हता. जेवण धोंड्याशीच ठेवता येतं, झोपडी म्हणजे धोंडा नव्हे. तिने टोपली वुरादच्या पुढ्यात ठेवली, बस.

वुराद उठला आणि डोंगर चढून झोपडीपर्यंत गेला. दार म्हणजे नुसती काटक्यांची झडप होती. ती त्याने बाजूला केली. आत विस्तव नव्हता. कानौल घोंगड्यात पडून होता, ओठ फुटलेले, श्वास छातीत अडकत होता. त्याने डोळे उघडले, बापाला बघितलं, आणि सवयीने वुरादने पाठ करायची वाट बघितली.

वुरादने पाठ केली नाही. पण आतही गेला नाही. तो वळला तो धावतच खाली आला, त्या वयात, दोनदा पडला, आणि द्रुस्तिकच्या दारात उभा राहिला.

"आजी, दुसरं तोंड नव्हतं."

म्हातारीने वर बघितलं. "काय म्हणालास?"

"लोखंडवाला नव्हता. मी खोटं सांगितलं. धोंड्यावर हात ठेवून. मला धोंडा हवा होता." त्याला धाप लागली होती. "पोराला खाली आणू द्या."

तिने दुपारी सगळ्यांना टेकडीवर जमवलं. वुरादने सगळ्यांसमोर तेच पुन्हा सांगितलं.  तालोर्कचं तोंड हळूहळू लाल झालं.

"माझ्या आईला ओल्यात टाकलं मी," तो म्हणाला. "तुझ्या शब्दावर."

"हो," वुराद म्हणाला.

"आता आणते मी त्याला," देरिला म्हणाली आणि निघाली. द्रुस्तिकने काठी आडवी केली.

"नाव मोकळं आहे. पण खुणा धोंड्यावर आहेत. खुणा असेपर्यंत त्याला कोणी शिवलं तर सगळ्या खोऱ्याला बाधेल. आधी खुणा जायला हव्यात. ज्याने कोरल्या त्यानेच काढायच्या, दुसऱ्याचं लोखंड चालत नाही."

"मग काढ!" देरिला वुरादवर ओरडली. "काढ ना!"

वुरादने टाकी लावली. कोरलेली रेघ पुसता येत नाही. तिच्या दोन्ही बाजूंचा दगड तिच्या तळापर्यंत खाली आणावा लागतो, तेव्हा ती नाहीशी होते. बापाने सांगितलेल्या नखाएवढ्या खोलीवर थांबला असता तर दुपारपासून अंधार पडेपर्यंत काम संपलं असतं. त्याने अर्धं पेर खोल नेलं होतं. संध्याकाळपर्यंत फक्त मोडका बाण गेला होता. अंधारात धोंड्याला लोखंड लावायचं नाही, म्हणून द्रुस्तिकने टाकी काढून घेतली.

"आजी, त्याला निदान विस्तव नेऊन देऊ?" सेनाराने विचारलं.

"अजून मासा दिसतोय, पोरी," म्हातारी म्हणाली. तिचाही आवाज सरळ नव्हता.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यापासून वुराद लागला. हाताला फोड आले, फुटले, टाकीची मूठ बुळबुळीत झाली. देरिला धोंडे आणि झोपडी यांच्यामधल्या वाटेवर जाऊन बसली होती, जिच्यापुढे जाता येत नाही अशा जागी, आणि डोंगराकडे बघून काहीतरी बोलत होती. तिच्याजवळ दलदलीतून कापून वाळवलेली जळणाची ढेकळं पेटवून ठेवली होती, म्हणजे धूर तरी त्याला दिसेल. ती ढेकळं तालोर्कने आणून दिली होती. वुरादशी तो एक शब्द बोलला नव्हता. पण दर थोड्या वेळाने टाकी बोथट व्हायची, तेव्हा तो ती घेऊन खाली विस्तवावर शेकायचा, परजून परत आणून द्यायचा. लोखंड वुरादचंच होतं, म्हणून तेवढं चालत होतं.

त्या दिवशी चंद्रकोर गेली आणि माशाचं डोकं गेलं. तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पाठ, पोट आणि शेपटी. वळण सगळ्यात खोल होतं, ते सगळ्यात शेवटी गेलं. धोंड्याचा तोंडवळा आता कुजलेल्या लाकडासारखा झाला होता. द्रुस्तिकने त्यावरून दोन्ही तळवे फिरवले, डोळे मिटून, पुन्हा पुन्हा.

"नाही लागत आता काही," ती म्हणाली.

देरिला उठून डोंगराकडे चालायला लागली. तिचे पाय आखडले होते.

"हात ठेव," तालोर्क म्हणाला.

वुरादने धोंड्याच्या पायाशी असलेल्या सपाट दगडावर हात ठेवला. तालोर्कने हातोडा एकदाच मारला. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. मग तालोर्कने हातोडा टाकून दिला, डोंगर चढायला लागला, अर्ध्या वाटेत देरिलाला मागे टाकून पुढे गेला, आणि थोड्या वेळाने कानौलला पाठीवर घेऊन उतरताना दिसला.

कानौल जिवंत होता. त्याला चुलीशी निजवलं. वस्तीतला प्रत्येक माणूस आत येऊन त्याच्या उशाशी टेकला आणि त्याला नावाने हाक मारून गेला. कानौल, कानौल, असं अंधार पडेपर्यंत चाललं होतं. सेनाराने बाळ त्याच्या कुशीत ठेवलं. देरिलाने मांसाचं पाणी पाजलं, ते दोन घोट राहिलं आणि उलटून आलं.

वुराद बाहेर भिंतीशी बसला होता, हात फडक्याने काठीला बांधलेला. तिसऱ्या दिवशी देरिला बाहेर आली.

"तो बोलावतोय तुला."

तो आत गेला. कानौलचा श्वास लहान झाला होता.

"मासा काढलात म्हणे," तो म्हणाला.

"हो."

"फार वेळ लागला."

"खोल गेला होता," वुराद म्हणाला.

कानौलने चुलीकडे मान वळवली. मग त्याने विचारलं, "आता धोंडा कोणाला?"

"कोणालाच नाही. त्याच्यावर आता काही कोरता येत नाही."

"मग मला?"

वुरादने बांधलेला हात मांडीवर घेतला. देरिला उंबऱ्यावर उभी होती. तिने दोघांकडे बघितलं आणि चुलीत ढेकळं सारायला वाकली.

देरिलाचा मुलगा कानौल पहिली मेंढी व्याल्यापासून नवव्या दिवशी सकाळी आपल्या घरात, चुलीजवळ मेला. त्याला तालोर्कच्या आईच्या शेजारी नदीकाठी पुरलं. देरिला त्यानंतर दुसऱ्या हिवाळ्यात मेली. वुराद त्यानंतर सातव्या वर्षी जव कापायच्या दिवसांत, मेंढ्यांमागे असताना, दुपारी मेला.